शो जंपिंगला हवी राष्ट्रीय श्रेणी. माळेगावच्या घोड्याची पायरी कोणती?

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला येथे खंडोबाची यात्रा भरते आणि हे लहानसे गाव काही दिवस देशातील नामांकित घोडेबाजारांपैकी एक बनते. देवस्वारी निघते, भंडारा उधळला जातो, येळकोटाचा गजर होतो आणि माळावर घोडे, गाढवे, उंट, बैल यांचे व्यवहार सुरू होतात. घोडा पारखण्याची येथील रीत पिढीजात आहे. गिऱ्हाईक आधी रंग पाहते. चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी असेल तर नजर थबकते. मग अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ याचा खल होतो, जबडा उघडून दातांवरून वय ठरते आणि अखेर चाल पाहून किंमत बोलली जाते.

या साऱ्या पारखीत एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. हा घोडा किती उंचीवरून उडी मारतो आणि त्याला साक्षी कोण?

वरातीसाठी किंवा हौसेसाठी घोडा घेणाऱ्याला या प्रश्नाची गरज नाही. शो जंपिंग हा खेळ मात्र याच प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. कोणत्या घोड्याने, कोणत्या स्वारासह, किती उंचीची फेरी, किती वेळा निर्दोष पूर्ण केली, याची विश्वासार्ह नोंद असेल तर नांदेडचा घोडा आणि दिल्लीचा घोडा एका तागडीत तोलता येतात. ती नोंद आणि तिच्यावरून ठरणारी पायरी यालाच श्रेणीपद्धती म्हणतात. भारतात राष्ट्रीय स्पर्धेत वयोगट आहेत, उंचीनुसार गट आहेत, पात्रतेचे निकषही आहेत. या रचनेचा खालचा भाग मात्र मोठ्या शहरांतील क्लब आणि लष्करी छावण्यांच्या कुंपणाशी येऊन थांबतो. यात्रेच्या माळापासून राष्ट्रीय मैदानापर्यंत जाणारी शिडी कशी बांधता येईल आणि ती बांधणे वाटते तितके सोपे का नाही, हे समजून घेण्यासारखे आहे.

चार गुणांचा हिशेब

खेळ पाहायला सोपा आहे. मैदानात दहा-बारा अडथळे ठरावीक क्रमाने मांडलेले असतात. आडवे दांडे उथळ खोबणीत नुसते टेकवलेले असतात, त्यामुळे खुराचा जोराचा स्पर्श झाला की दांडा खाली येतो. एक दांडा पडला की चार दोषगुण. घोडा अडथळ्यापुढे अडला की पुन्हा चार. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दुसऱ्यांदा अडला की स्पर्धेबाहेर. स्वार किंवा घोडा पडला तरी बाहेर. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर त्याचेही दोषगुण लागतात. सर्वांत कमी दोष असणारा विजयी होतो आणि बरोबरी झाली तर कमी केलेल्या अडथळ्यांवर घड्याळ लावून पुन्हा फेरी होते.

ऑलिंपिकमध्ये या अडथळ्यांची उंची १.६५ मीटरपर्यंत जाते. नवशिका स्वार ६० किंवा ७० सेंटिमीटरवरून सुरुवात करतो. या दोन टोकांमध्ये एक मीटर उंचीचे अंतर आहे आणि तेवढे चढायला एका घोड्याच्या आयुष्यातील बरीच वर्षे जातात.

इथेच श्रेणीचा पहिला उपयोग दिसतो आणि तो स्वारापेक्षा घोड्याच्या हिताचा आहे. जो घोडा ८० सेंटिमीटरवर नुकता स्थिरावला आहे, त्याला मालकाच्या हट्टापायी १.१० मीटरवर नेले तर तो एकदा उडी मारेलही. दुसऱ्या वेळी दांडा पायाला लागेल, तिसऱ्या वेळी तो अडथळ्यापुढे पाय रोवून उभा राहील. धास्तावलेला घोडा पुन्हा तयार करणे हे नवा घोडा तयार करण्यापेक्षा कठीण काम आहे. पुढच्या पायाच्या शिरांना होणारी इजा तर कित्येकदा कायमची असते. खालच्या पायरीवर काही निर्दोष फेऱ्या झाल्याखेरीज वरच्या पायरीची प्रवेशिका स्वीकारायची नाही, एवढा एक नियम असला तरी असे प्रकार पुष्कळ कमी होतील.

दुसरा उपयोग उलट्या दिशेचा आहे. १.३० मीटरवर सरावलेला, परदेशातून आणलेला घोडा ९० सेंटिमीटरच्या स्पर्धेत उतरवून चषक पळवायचा, हा मोह श्रीमंत मालकांना सर्वत्र होतो. तेथे पहिल्यांदाच उतरलेल्या मुलाला मग हरण्याखेरीज काहीच शिकायला मिळत नाही.

शिलेदार की बारगीर?

श्रेणी द्यायची कोणाला, हा पहिला अवघड प्रश्न. घोड्याला, स्वाराला की दोघांच्या जोडीला?

मराठ्यांच्या घोडदळात हा भेद फार स्पष्ट होता. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला नमवले, तेव्हा या मुलुखाने दोन्ही प्रकारचे स्वार पाहिले होते. आजच्या भारतीय शो जंपिंगमध्येही हेच दोन वर्ग दिसतात, नावे तेवढी बदलली. लष्कर आणि पोलीस दलांतील स्वार सरकारी घोड्यावर बसतो. बदली झाली की घोडा मागे राहतो. खासगी स्वार स्वतःच्या अथवा क्लबच्या घोड्यावर असतो. श्रेणी केवळ जोडीला दिली तर बदली झालेल्या जवानाला प्रत्येक नव्या घोड्याबरोबर पहिल्या पायरीवरून सुरुवात करावी लागेल. केवळ घोड्याला दिली तर उत्तम घोडा विकत घेऊन कच्चा स्वार थेट वरच्या वर्गात बसेल आणि स्वतःची मान धोक्यात घालील. केवळ स्वाराला दिली तर अनुभवी स्वाराखालचे चार वर्षांचे कोवळे घोडेही मोठ्या उंचीच्या गटात ढकलले जातील.

निरनिराळ्या देशांनी यातून निरनिराळ्या वाटा काढल्या आहेत. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ घोड्यांना ए, बी आणि सी अशा श्रेणी होत्या आणि त्या घोड्याने जिंकलेल्या बक्षिसाच्या रकमेवरून ठरत. जर्मनीत स्पर्धांचे वर्ग नवशिक्यांपासून ‘अवघड’पर्यंत चढत जातात आणि १.४० मीटरपासून पुढे सर्वांत वरचा वर्ग सुरू होतो. शिवाय स्वारांनाही स्वतंत्र कामगिरीवर्ग असतात व कामगिरी पाहून त्यांत बदल होतो. आंतरराष्ट्रीय महासंघाची जागतिक क्रमवारी मात्र स्वाराची असते. गेल्या बारा महिन्यांतील त्याच्या सर्वोत्तम तीस निकालांचे गुण तीत धरले जातात, मग घोडे कितीही असोत.

भारतासाठी दुहेरी नोंद हाच व्यवहार्य मार्ग दिसतो. घोड्याची पायरी वेगळी, स्वाराची वेगळी, आणि प्रवेशिका देताना दोघांपैकी खालच्या पायरीपेक्षा एकच इयत्ता वर जाण्याची मुभा. कागदावर हे थोडे किचकट वाटते. संगणकाच्या काळात एवढा हिशेब ठेवणे अवघड नाही; अवघड आहे ते हिशेबाचे आकडे खरे असणे.

पैसा, गुण की निर्दोष फेरी

पायरी कशावरून चढायची, हा दुसरा प्रश्न. बक्षिसाची रक्कम हे माप वापरायला सोपे. पण महागाई वाढते, प्रायोजक येतात-जातात, आणि जेथे पैसा अधिक तेथील घोडा लवकर वरच्या श्रेणीत जातो. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर मिळणारे बक्षीस आणि लोह्याच्या माळावर मिळणारी ढाल यांची तुलना रुपयांत केली तर लोह्याचा घोडा जन्मभर खालच्याच वर्गात राहील.

स्थानानुसार गुण देण्याची पद्धतही फसवी ठरू शकते. समजा पहिल्या क्रमांकाला दहा गुण ठेवले. पाच घोड्यांच्या स्पर्धेत पहिला आलेला आणि पन्नास घोड्यांत पहिला आलेला या दोघांनाही दहाच गुण मिळाले तर हुशार मालक पाच घोड्यांच्या स्पर्धा शोधत फिरेल. सहभागींच्या संख्येनुसार गुण कमी-अधिक केले तर दूरच्या जिल्ह्यांतील लहान स्पर्धा पुन्हा निरुपयोगी ठरतात, कारण तेथे घोडेच कमी येणार.

म्हणून निर्दोष फेरी हे माप अधिक न्याय्य ठरते. समोर पाच प्रतिस्पर्धी असोत वा पन्नास, दांडा पडला नाही तो नाही. अमुक उंचीवर इतक्या निर्दोष फेऱ्या झाल्या की पुढची पायरी, असा नियम लहान केंद्रातील स्वारावर अन्याय करीत नाही. त्याला नशिबाने दुबळे प्रतिस्पर्धी मिळाले, असा आरोपही कोणी करू शकत नाही.

खाली येण्याची सोयही हवी. वयोवृद्ध किंवा दुखापतीतून उठलेला घोडा वरच्या श्रेणीत अडकून पडला तर त्याला स्पर्धाच उरत नाही. वास्तविक असाच मुरलेला घोडा नवशिक्या मुलाचा सर्वांत चांगला गुरू असतो. ठरावीक काळ निकाल न मिळाल्यास पायरी उतरवून मिळण्याची तरतूद नसेल, तर मालक त्याचे कागदच बदलण्याची वाट शोधतील.

श्रेणीची सर्वांत जुनी आणि घट्ट बसलेली पद्धत महाराष्ट्रात आधीच आहे, पण ती रेसच्या घोड्यांची. मुंबई आणि पुण्यातील शर्यतींत घोड्यांना गुणांकन दिले जाते. पाचव्या वर्गात १ ते २६, चौथ्यात २० ते ४६, तिसऱ्यात ४० ते ६६, दुसऱ्यात ६० ते ८६ आणि ८० च्या पुढे पहिला वर्ग, अशी तेथील मांडणी. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की हे वर्ग एकमेकांवर थोडे चढलेले असतात. सीमारेषेवरच्या घोड्याला दोन्हीकडे धावता यावे, एका गुणाने त्याचे भवितव्य बदलू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत्येक शर्यतीनंतर हे आकडे तपासले जातात. ही शिस्त आली कोठून, याचे उत्तर उघड आहे: तेथे लोकांचा पैसा लागलेला असतो आणि आकडा चुकला तर दुसऱ्या दिवशी आरडाओरडा होतो. शो जंपिंगवर पैज लागत नाही, म्हणून नोंदीकडे पाहणारे डोळेही कमी. रेसमधून निवृत्त झालेले अनेक थरोब्रेड पुढे याच खेळात येतात. मैदान बदलताच त्यांच्या मागची ही बारकाईची नोंद संपते, हा विरोधाभास नजरेआड करण्याजोगा नाही.

नव्वद सेंटिमीटर सगळीकडे सारखे असतात का?

उत्तर आहे, नाही. सगळ्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

एकाच उंचीचे अडथळे सोपे किंवा कठीण मांडता येतात. दौडीत मोठ्या घोड्याची एक झेप सुमारे साडेतीन मीटर धरून दोन अडथळ्यांमधील अंतर ठरवले जाते. हे अंतर अर्ध्या मीटरने इकडेतिकडे केले की घोडा एक तर अडथळ्याच्या फार जवळ येतो किंवा लांबून उडी घेतो, आणि दांडा पडतो. वळण तीव्र ठेवले, पाण्याची चर किंवा नकली भिंत घातली, वेळ आवळला की तेच नव्वद सेंटिमीटर दुप्पट अवघड होतात. त्यामुळे अडथळे मांडणारा, म्हणजे कोर्स डिझायनर, हा या खेळात पंचाइतकाच महत्त्वाचा असतो. आंतरराष्ट्रीय महासंघ पंचांना आणि कोर्स डिझायनरांना पायरीपायरीने मान्यता देतो, ते याचसाठी.

ड्रेसाज या प्रकारात हा प्रश्न तुलनेने सौम्य आहे. तेथे हालचालींचा संच ठरलेला असतो आणि पंच टक्केवारी देतात. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने सांघिक ड्रेसाजचे सुवर्ण मिळवले. मुंबईचा हृदय छेडा या संघात होता. १९८२ च्या दिल्ली स्पर्धेनंतर, ४१ वर्षांनी अश्वारोहणात आलेले हे सुवर्ण. त्या संघातील स्वार युरोपात सराव करीत होते, तरी त्यांची टक्केवारी भारतातील स्वारांच्या टक्केवारीशेजारी मांडून पाहता येत होती. शो जंपिंगमध्ये दोन वेगळ्या मैदानांवरचे ‘शून्य दोष’ असे शेजारी मांडता येत नाहीत. राष्ट्रीय संघाच्या निवडीवरून स्वार न्यायालयात गेल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेत. मापच सर्वमान्य नसेल तर वाद होणारच.

यावर एक तोडगा मात्र जगाने शोधून ठेवला आहे. घोडे देशोदेशी नेणे महाग आणि विलगीकरणाच्या नियमांमुळे कित्येकदा अशक्य. म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जागतिक आव्हान स्पर्धेत घोडे आपल्याच देशात राहतात आणि अडथळ्यांचा एकच आराखडा सर्व देशांना पाठवला जातो. उंची, अंतरे, क्रम सगळे सारखे. परदेशी पंच येऊन फेऱ्या पाहतो आणि निकाल एका यादीत लावले जातात. भारतीय स्वारांना ही स्पर्धा चांगली परिचित आहे. हीच कल्पना देशांतर्गत का वापरू नये? महासंघाने वर्षातून तीन-चार ठरावीक आराखडे प्रसिद्ध करावेत, ते नांदेडलाही लागावेत आणि बंगळुरूलाही, आणि बाहेरच्या जिल्ह्यातील एक पंच व चित्रफीत यांच्या आधारे निकाल नोंदवला जावा. घोडा सुमारे सहाशे किलोमीटर ट्रकमधून मुंबईला न्यावा लागणार नाही. मराठवाड्यातील स्वाराच्या दृष्टीने संपूर्ण श्रेणीपद्धतीतील सर्वांत मोलाचा भाग हाच ठरेल.

लहान घोडा, लांब झेप

सारखा आराखडा म्हटला की आणखी एक पेच निर्माण होतो. सारखा कोणासाठी? या खेळाची मापे उंच युरोपीय घोड्यांवर बेतलेली आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांत नाल वगळता १४८ सेंटिमीटरपर्यंत उंची असलेला प्राणी ‘पोनी’ म्हणजे तट्टू समजला जातो आणि तट्टांच्या स्पर्धेत अंतरे कमी ठेवली जातात. ज्या दख्खनी घोड्यावर मराठ्यांनी मुलूख पायाखाली घातला, तो याच मापात बसतो. त्याच वंशातील भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंदणी झाली, ही अलीकडची समाधानाची बाब. धनगरांच्या वाड्यांबरोबर ओझे वाहत हा घोडा टिकून राहिला. माळेगावात येणारे मारवाडी आणि काठेवाडी घोडेही परदेशी वॉर्मब्लडच्या तुलनेत हलके व आखूड झेपेचे असतात. मोठ्या घोड्याच्या अंतरांवर त्यांना उभे करणे म्हणजे उंच माणसाच्या पायऱ्यांवरून मुलाला धावायला लावणे होय.

राष्ट्रीय श्रेणीत तट्टू आणि देशी घोडे यांच्यासाठी वेगळी अंतरे, पण तोलामोलाची पायरी ठेवली गेली नाही, तर ती पद्धती आयात घोड्यांची वर्गवारी होऊन बसेल. जनावरांची वर्गवारी या भागाला नवी नाही. देवणी गायीच्या रंगावरून वानेरा, बालंक्या, शेवेरा असे तीन प्रकार लातूरकडचा शेतकरी झोपेतही सांगेल आणि लाल कंधारीचा वळू कसा असावा यावर कंधारकडे तासभर वाद रंगेल. मात्र ही सगळी वर्गवारी रूपाची आहे. यात्रेत जिल्हा परिषदेतर्फे होणाऱ्या अश्व प्रदर्शनातही बांधा, ठेवण आणि देखणेपण पाहिले जाते. कामगिरीची नोंद ही त्यापुढची पायरी, आणि तिने विक्रेत्याचाही फायदा आहे. ‘एक मीटरवर सहा निर्दोष फेऱ्या’ अशी नोंद असलेल्या घोड्याची किंमत भोवऱ्यांवर अवलंबून राहणार नाही.

नांदेडला घोड्याचे वेड केवळ माळेगावपुरते नाही. सचखंड श्री हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात घोड्यांचा तबेला परंपरेने सांभाळला जातो. गुरू गोबिंदसिंगांच्या घोड्याचा वंश म्हणून त्यांतील काही घोड्यांना मान आहे. होला मोहल्ल्याला आणि दसऱ्याला निघणाऱ्या हल्लाबोल मिरवणुकीत निहंग स्वारांची घोड्यावरची बैठक पाहणाऱ्याला या शहरात अश्वारोहण शिकवावे लागेल असे वाटणार नाही. उणीव बैठकीची नाही.

ओळखपत्र आणि आरोग्यपत्र

उणीव कागदांची आहे. श्रेणी घोड्याला द्यायची तर आधी हा तोच घोडा आहे हे सिद्ध व्हावे लागते. कातडीखाली बसवायची सूक्ष्म चिप, अंगावरच्या खुणांचे रेखाटन असलेला पासपोर्ट, मालकी बदलल्याची नोंद, ही या खेळाची प्राथमिक कागदपत्रे. यात्रेत हातोहात विकल्या जाणाऱ्या घोड्याजवळ यांतील क्वचितच काही असते. एकाच रंगाचे दोन कुमैत घोडे अदलाबदल करून उतरवले तर चिपशिवाय ते ओळखणार कोण?

दुसरा कागद आरोग्याचा. ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होऊ शकतो आणि बाधित घोड्याला कायद्यानुसार मारावे लागते. २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याचा उद्रेक झाला होता. तपासणीचे मुख्य केंद्र हरयाणातील हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. अशा रोगांमुळेच भारतातून युरोपात घोडा पाठवणे दुष्कर ठरले आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगची अंतिम फेरी गाठून २३ वा आलेल्या फवाद मिर्झाला तयारीसाठी युरोपात, तेथील घोड्यांसह राहावे लागले. जुलै २०२५ मध्ये मेरठ येथील लष्कराच्या केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने अश्वरोगमुक्त कक्ष म्हणून मान्यता दिली. देशातील असा हा पहिलाच कक्ष. तेथील घोड्यांना आता परदेशाची वाट मोकळी होण्याची आशा आहे. माळेगावच्या घोड्यासाठी त्याचा लगेच उपयोग नाही. परंतु उदगीर आणि परभणी येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, रक्ताचे नमुने घेणे आणि चिप बसवणे हे त्यांच्या आवाक्यातले काम आहे. श्रेणी स्पर्धेच्या नोंदणीशी ही तपासणी जोडली तर यात्रेतील घोड्यांचे आरोग्यही कोणाच्या तरी दप्तरी येईल.

प्रमाणपत्राचे वजन

हे सर्व कोणी करायचे, हा प्रश्न खेळाइतकाच राजकारणाचा आहे. कुस्तीत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी उतरंड पक्की आहे. रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार त्याच मातीतून १९७० च्या राष्ट्रकुल सुवर्णापर्यंत गेले. अश्वारोहणात अशी उतरंड उभी राहिली नाही. राष्ट्रीय महासंघात क्लब, लष्करी संस्था आणि व्यक्ती यांचे वजन मोठे. राज्य संघटनांना कोणते स्थान द्यायचे यावरून राजस्थानच्या संघटनेने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत झाला असला, तरी जिल्ह्याच्या पातळीवर अश्वारोहणाची नोंद कोण ठेवणार याचे उत्तर त्याने आपोआप मिळत नाही.

पालकांच्या दृष्टीने मात्र हा अगदी रोकडा प्रश्न आहे. महाराष्ट्रात खेळाडूंना दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे गुण मिळतात आणि शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. दोन्ही ठिकाणी स्पर्धेचा दर्जा पाहिला जातो. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आल्यापासून पडताळणी कडक झाली, ते योग्यच झाले. एकेका गुणासाठी रात्री जागवणाऱ्या लातूरमध्ये या गुणांचे मोल वेगळे सांगायला नको. अशा वेळी ‘राष्ट्रीय’ हा शब्द फलकावर रंगवून भरवलेल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र आणि नोंदणीकृत पायरीचे प्रमाणपत्र यांत फरक करणारी यंत्रणा नसेल, तर प्रामाणिक स्वाराचाही कागद संशयाने पाहिला जातो.

खर्चाचा अंदाज बांधायचा तर सुरुवात फार मोठी नाही. दहा अडथळ्यांसाठी किमान वीस खांब, तीस-चाळीस दांडे, सुरक्षित खोबण्या, वेळ मोजण्याचे यंत्र, चिप वाचणारे उपकरण, एक पशुवैद्य आणि रुग्णवाहिका. लोखंडी खोबण्यांऐवजी दाब आल्यावर सुटणाऱ्या खोबण्या मात्र घ्याव्याच लागतील. रुंद अडथळ्याचा मागचा दांडा अडकून राहिला तर घोडा पालथा होतो. यांतील खांब आणि दांडे लोह्याचा किंवा अहमदपूरचा सुतार करून देईल.

खरी अडचण जमिनीची आहे. मराठवाड्यातील काळी माती ओली असताना खूर धरून ठेवते आणि वाळली की भेगाळून दगडासारखी होते. माळेगावचा माळ कोरड्या हिवाळ्यात टणक असतो. पंधरा-वीस घोडे दिवसभर त्यावर उतरले तर संध्याकाळपर्यंत निम्मे लंगडतील. त्यासाठी नीट दाबलेल्या थरावर काही इंच वाळू अंथरावी लागते, रोज पाणी मारावे लागते आणि फळी फिरवावी लागते. साठ बाय चाळीस मीटरच्या मैदानावर दहा सेंटिमीटरचा थर द्यायचा म्हटले तरी २४० घनमीटर वाळू लागेल. गोदावरीच्या काठच्या जिल्ह्यात आज वाळूचा भाव काय चालला आहे, हे घर बांधायला काढलेल्या कोणालाही विचारावे.